वास्तु आणि तिचें आवार

ज्युबिली म्हटली म्हणजे दिव्यांची आरास, बँडचा गजर, बिशपमहाराजांचें स्वागत आणि प्रीतिभोजन हीं आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. हा आनंद योग्यच आहे. परंतु ज्युबिलीचा मूळ अर्थ याहून खोल आहे. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत पन्नासावें वर्ष पवित्र मानावें अशी आज्ञा आहे. त्या वर्षीं शिंग फुंकावें, दासांस मुक्त करावें आणि प्रत्येकानें आपल्या वाडवडिलांच्या वतनाकडे परत जावें, असें तेथें सांगितलें आहे. म्हणजे ज्युबिलीचा संबंध प्रथमपासूनच जमिनीशीं आहे. जमिनीचा खरा धनी परमेश्वर, आपण तिच्यावर राहणारे पाहुणे, हा विचार त्या आज्ञेच्या मुळाशीं आहे. म्हणून या स्मरणिकेंत आपल्या मावळांतील जुन्या वास्तु व त्यांच्या सभोंवतालची जमीन यांविषयीं चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें वाटतें.

‘आवार’ हा शब्द आपण सहज वापरतों. देवळाचें आवार, शाळेचें आवार, वाड्याचें आवार. इमारत ही मुख्य वस्तु आणि आवार म्हणजे उरलेली मोकळी जागा, अशी आपली साधारण समजूत असते. इमारत जपली म्हणजे झालें, भोंवतालच्या जागेचें कांहींहि करावें, हा विचार याच समजुतींतून निघतो. मावळचा इतिहास या समजुतीस पुष्टि देत नाहीं. आवार हा वास्तूचा अवयव आहे. तो गेला कीं वास्तु उभी राहूनहि मुकी होते, असेंच तो पदोपदीं सांगतो. हें विधान कोरडें वाटूं नये म्हणून प्रत्यक्ष उदाहरणेंच पाहूं.

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालें म्हणजे थोड्याच अंतरावर उत्तरेस कार्ल्याचा डोंगर लागतो. त्याच्या पोटांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेलें बौद्ध चैत्यगृह आहे. सुमारें १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळजवळ तितकेंच उंच असें हें सभागृह अखंड कातळांतून खोदून काढिलें असून, भारतांतील कोरीव चैत्यगृहांत याहून मोठें दुसरें नाहीं. आंत ३७ खांब आहेत. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा नक्षीदार आणि स्तूपाच्या मागें सात साधे. मधला लांब दालनासारखा भाग, बाजूंच्या खांबांच्या रांगा आणि टोकाची अर्धगोल रचना पाहून ख्रिस्तमंदिराची आठवण व्हावी, हें साहजिक आहे. जेम्स फर्ग्युसन या वास्तुपंडितानें एकोणिसाव्या शतकांतच हें साम्य नमूद केलें आहे. छतास लाकडी कमानी बसविलेल्या आहेत. कातळाच्या छतास त्यांच्या आधाराची गरज नाहीं. लाकडी सभागृहें बांधणाऱ्या कारागिरांनीं आपली जुनी रीत दगडांतहि सोडली नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. तें प्राचीन लांकूड अद्याप आपल्या जागीं आहे.

तेथील भिंतींवर व खांबांवर ब्राह्मी अक्षरांत लेख कोरलेले आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल यानें हें शैलगृह पुरें केलें, असें एक लेख सांगतो. धेनुकाकट गांवच्या सिंहदत्त नांवाच्या गंधविक्याचें दान, त्याच गांवच्या सामि नांवाच्या सुताराचें काम, ‘यवन’ म्हणविणाऱ्या कित्येकांनीं दिलेले खांब, अशा नोंदी दुसऱ्या लेखांत आहेत. आपल्या मंदिरांतील बांकांवर व खिडक्यांवर दात्यांचीं नांवें असतात, तशींच हीं. राजापासून सुतारापर्यंत सर्वांचीं नांवें एकाच घराच्या भिंतींवर राहिलीं आहेत.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें मात्र यांतील दोन लेख अधिक मोलाचे आहेत. क्षहरात राजा नहपान याचा जांवई उषवदात यानें वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या वर्षावासांतील निर्वाहासाठीं करजिक नांवाचा गांव दान दिला. वलूरक हें या लेण्यांचें जुनें नांव. पुढें क्षहरातांची सत्ता मोडून सातवाहनांची आली, तेव्हां त्यांच्याहि आज्ञापत्रांत मामाल आहारांतील त्या गांवाचें दान भिक्षूंकडे चालू ठेवण्यांत आलें. हा ‘मामाल’ म्हणजेच आजचा मावळ, असें विद्वान मानतात. वाचकहो, हें ध्यानांत घ्या. आपल्या तालुक्याचें नांव दगडावर कोरलें गेलें तें एका वास्तूला जोडून दिलेल्या जमिनीच्या निमित्तानें. एक राजघराणें गेलें, दुसरें आलें. दोघांचें वैर होतें. तरी लेण्याची जमीन लेण्याकडेच राहिली. कोरीव काम करून देणें जितकें पुण्याचें, तितकेंच त्याच्या निर्वाहाची भूमि अबाधित ठेवणें पुण्याचें, असें ते राजे समजत होते.

त्याच डोंगरावर, चैत्यगृहाच्या दाराशींच, एकवीरा देवीचें देऊळ आहे. ती कोळी बांधवांची कुलदेवता. चैत्रांतील यात्रेस कोंकणच्या किनाऱ्यावरून हजारों भाविक पालख्या घेऊन येतात. बौद्ध भिक्षूंचा विहार आणि देवीचें देऊळ एकाच अंगणांत नांदत आहेत. पुढें एक सिंहस्तंभ उभा आहे, तो दोघांच्याहि भक्तांचें स्वागत करतो. अशा ठिकाणीं ‘ही जागा कोणाची?’ हा प्रश्न विचारण्यापेक्षां ‘ही जागा कोण सांभाळणार?’ हा प्रश्न विचारणें अधिक हितावह आहे.

सांभाळण्याचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. मावळचा काळा खडक कठीण खरा, परंतु त्यांत चिरा असतात. लोणावळ्याच्या परिसरांत वर्षाला साधारणपणें ४००० मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो. डोंगरमाथ्यावरचें पाणी या चिरांतून झिरपत लेण्याच्या छतांत उतरतें. माथ्यावरील चर तुंबले, झाडांचीं मुळें चिरांत शिरलीं, अथवा कोणी उतार खणून सपाट केला, तर त्याचा परिणाम आंतल्या मूर्तींवर होतो. त्या मूर्तींस कोणीं बोटहि लाविलेलें नसलें तरी होतो. म्हणजे लेण्याचें रक्षण लेण्याच्या दाराशीं सुरू होत नाहीं. तें वर माथ्यावर, जेथें प्रवासी कधीं जात नाहीं अशा ठिकाणीं सुरू होतें.

कायद्यालाहि हें हळूहळू उमगलें. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ सालीं त्या विषयाचा नवा कायदा आला. त्यांत २०१० सालीं दुरुस्ती होऊन, राष्ट्रीय स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरांपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरांत केवळ परवानगीनेंच, असें ठरलें. या मर्यादेमुळें आसपासच्या रहिवाशांस अडचण होते, हें नाकारतां येत नाहीं. स्वतःच्या घराची दुरुस्ति करावयासहि अर्ज घेऊन फिरावें लागणें सुखाचें नाहीं. तरी त्या मर्यादेमागील तत्त्व खरें आहे. स्मारक आपल्या चार भिंतींपाशीं संपत नाहीं, असें तें तत्त्व सांगतें.

आतां रस्त्याच्या दक्षिणेकडे पाहूं. भाजें येथील लेण्यांच्या वरच्या अंगास लोहगड व विसापूर हे शेजारी किल्ले उभे आहेत. लोहगड शिवाजी महाराजांनीं १६४८ सालीं घेतला; १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तो मोंगलांस द्यावा लागला; १६७० सालीं तो पुन्हा स्वराज्यांत आला. गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा अशा चार दरवाज्यांतून वळणावळणाची वाट वर जाते. माथ्यावर नाना फडणविसांच्या वेळचें सोळा कोनांचें तळें आहे, आणि पश्चिमेस विंचूकाटा नांवाची डोंगराची अरुंद सोंड दूरवर गेली आहे. १८१८ च्या मार्च महिन्यांत इंग्रज सेनापति प्रॉथर यानें प्रथम विसापूर हस्तगत केला, आणि लगोलग लोहगडहि पडला. एवढा बळकट किल्ला इतक्या लवकर कां गेला? उत्तर लोहगडाच्या तटांत सांपडत नाहीं. विसापूरचा माथा लोहगडाहून उंच आहे. तेथें शत्रूच्या तोफा चढल्या कीं लोहगड त्यांच्या माऱ्यांत येतो. दोन्ही डोंगर एका नजरेंत पाहिल्यावांचून हा इतिहास कळत नाहीं. उद्यां या दोहोंमधील खिंडींत उंच इमारती उभ्या राहिल्या, तर लोहगडाचा एकहि दगड न हालवितां त्याची गोष्ट पुसली जाईल.

२०२५ सालच्या जुलै महिन्यांत लोहगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झाले. अकरा महाराष्ट्रांतील व एक तमिळनाडूंतील जिंजीचा. ही नोंद ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नांवानें झाली आहे. ‘किल्ले’ हा शब्द सोडून ‘भूप्रदेश’ हा शब्द योजिला गेला, यांत मोठा अर्थ आहे. डोंगर, खिंड, पाणी, रान आणि तट हें सर्व मिळून एक वास्तु होते, असा तो निर्वाळा आहे. मात्र सन्मानाबरोबर गर्दीहि येते. पावसाळ्यांतील सुटीच्या दिवशीं लोहगडाच्या वाटेवर पाऊल ठेवावयास जागा नसते, हें येथील प्रत्येकास ठाऊक आहे. पाहणाऱ्यांची हौस जर पायवाट, झरे आणि गवत तुडवूं लागली, तर कौतुकच घातक ठरेल.

पश्चिमेस बोरघाट. १८३० सालीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं येथील गाडीरस्ता खुला केला, आणि १८६३ सालीं घाटांतून आगगाडी धांवूं लागली. या लोहमार्गाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं वारले. त्यांची पत्नी ॲलिस यांनीं तें काम पुढें चालविलें. पटकी, ताप आणि अपघात यांनीं हजारों मजूर दगावले. कार्ल्याच्या सुताराचें नांव दोन हजार वर्षें टिकलें. घाटांतील या मजुरांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. बोगदे, दगडी पूल आणि कमानी हेंच त्यांचें स्मारक होय.

त्या स्मारकाचा एक भाग आपल्या डोळ्यांदेखत गेला. खंडाळ्याजवळचा ब्रिटिश अमदानींतील दगडी पूल, जो वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाई, तो ५ एप्रिल २०२० रोजीं सुरुंग लावून पाडण्यांत आला. २००२ सालीं पूर्ण झालेला द्रुतगति मार्ग त्याच्या खालून जात असे. पुलाच्या खांबांमुळें तेथें रस्ता अरुंद होऊन कोंडी व अपघात होत. मनुष्याच्या प्राणापेक्षां दगड मोठा, असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. परंतु या प्रसंगानें एक धडा दिला. रस्ता आंखला जातो तेव्हांच जुन्या वास्तूचा विचार व्हावयास पाहिजे; रस्ता तिच्या पायांतून नेल्यावर मग दोहोंपैकीं एकाचा नाश ठरलेलाच. आणि पाडणें अटळच झालें, तर आधीं तिचें माप, चित्र व माहिती नोंदवून ठेवणें हें किमान कर्तव्य आहे.

जागेपासून तुटलेल्या वस्तूचें काय होतें, याचें उदाहरण आपल्या ख्रिस्ती इतिहासांतहि आहे. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली. त्यानंतर तेथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा मराठी मुलखांतील निरनिराळ्या देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवली येथें, ज्यांचें तळें लोहगडावर आहे त्याच नाना फडणविसांच्या वाड्याजवळ, कृष्णेच्या घांटावर अशी एक घंटा आहे. तिजवर १७०७ हें साल असून बाळ येशूसह पवित्र मरियेची आकृति आहे. तेथील लोकांनीं ती वितळविली नाहीं. ती आकृतिहि खरवडून काढली नाहीं. आदरानें ती जपली. त्यांचे आपण ऋणी आहों. तरी ती घंटा कोणत्या मनोऱ्यांत वाजत होती, कोणत्या वस्तीला मिस्सेसाठीं बोलावीत होती, हें ती आज सांगूं शकत नाहीं. इकडे वसईच्या किल्ल्यांत छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. वस्तु वांचली, जागा सुटली, आणि अर्धी गोष्ट हरवली.

अन्यधर्मीयांनीं आपली घंटा जपली. आपण अन्यधर्मीयांचीं लेणीं कां जपावीं, असा प्रश्न कोणीं विचारूं नये. रोमच्या इतिहासांतच याचें उत्तर आहे. मूर्तिपूजक रोमच्या प्राचीन वास्तूंचे दगड काढून नव्या इमारती उभारण्याची चाल शतकानुशतकें चालली होती. खुद्द ख्रिस्ती धनिकहि त्यांत होते. पोप दुसरे पायस यांनीं १४६२ सालीं रोममधील प्राचीन वास्तु पाडण्यास मनाई केली. अठराव्या शतकाच्या मध्यास पोप चौदावे बेनेडिक्ट यांनीं कोलोसियम हें ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या स्मरणार्थ पवित्र केलें, त्यामुळें तेथील दगडांची लूट थांबली. १८२० सालीं कार्डिनल पाक्का यांच्या आज्ञेनें पोपमहाराजांच्या राज्यांत पुराणवस्तूंच्या रक्षणाचे सविस्तर नियम झाले. आपल्या जवळचें उदाहरण हवें असल्यास, मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत १९२६ सालीं भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था स्थापणारे येशूसंघीय फादर हेन्री हेरास यांचें आहे. या देशाचा प्राचीन इतिहास अभ्यासणें हें त्यांस धर्मगुरूच्या कामाबाहेरचें वाटलें नाहीं.

आतां आपल्या घराकडे येऊं. मुंबई सरकारनें १८८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत लोणावळ्याचें वर्णन आहे. रेल्वेचा कारखाना, टपाल कचेरी, रेल्वेची शाळा यांच्याबरोबर तेथें प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक प्रार्थनामंदिरांचाहि उल्लेख आहे. आणि जवळच्या भव्य वृक्षांच्या राईचाहि. रेल्वे आली, तिच्याबरोबर कामकरी आले, आणि त्यांच्या श्रद्धेचें घर या डोंगरांत उभें राहिलें. मंदिर आणि राई यांचा एकाच वर्णनांत उल्लेख यावा, हें मला अर्थपूर्ण वाटतें. त्या काळीं लोणावळें म्हणजे झाडी, कौलारू घरें, पावसाचा आवाज आणि मोकळी हवा. आज बंगल्यांच्या जागीं बहुमजली इमारती येत आहेत, ओढ्यांच्या कांठीं भिंती उभ्या राहत आहेत, टेकड्यांचे उतार कापले जात आहेत. जमिनीचा भाव वाढला, कीं मोकळी जागा ही ‘रिकामी’ जागा वाटूं लागते.

ज्युबिली आली म्हणजे धर्मग्रामांतहि तोच मोह येतो. जुनें पाडून नवें भव्य बांधावें, अंगणांत फरशी घालावी, जुनाट झाड तोडून मोटारींस जागा करावी, असें वाटतें. ज्यांच्या मनांत हें येतें ते मंदिराचे शत्रु नव्हेत. बहुधा तेच सर्वांत अधिक झटणारे असतात. त्यांस माझी विनंति एवढीच आहे, कीं हात लावण्यापूर्वीं वास्तूचें बोलणें ऐकावें. जुन्या दगडी भिंती चुन्यांत बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो व बाहेर टाकतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आंत कोंडते आणि भिंत आंतून पोखरते. कौलें, पन्हळी व गटारें पावसाळ्यापूर्वीं साफ ठेवलीं, तर अर्धी दुरुस्ति टळते. फरशीनें अंगण बंद केलें तर जमिनींत मुरणारें पाणी पायाकडे वळतें. जुना वृक्ष सावली देतो, माती धरतो, आणि त्याच्या खालीं कित्येक लग्नांचीं वऱ्हाडें उभीं राहिलेलीं असतात. दफनभूमीवरील झिजलेले दगड बदलण्यापूर्वीं त्यांवरील अक्षरें उतरून घ्यावीं. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जुन्या वह्या कोरड्या जागीं ठेवाव्या व त्यांच्या प्रती काढाव्या. कारण कागद हाहि वास्तूचाच भाग आहे. या कामांस मोठें भांडवल नको. नियम हवा, आणि दर वर्षीं मे महिन्यांत शिडी लावणारा कोणीतरी हवा.

कोणी म्हणेल, गरिबांस घर नाहीं, मुलांस शिक्षण नाहीं, आणि आपण दगडांची चिंता करावी काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु डोंगराचा उतार कापला म्हणजे प्रथम पाणी शिरतें तें पायथ्याच्या झोपडीत. ओढा बुजविला म्हणजे बुडतें तें गरिबाचें अंगण. मोकळी जागा गेली म्हणजे खेळावयाची सोय जाते ती चाळींतल्या मुलाची. श्रीमंताचें मूल दुसरीकडे खेळेल. गरिबांची काळजी आणि आवाराची काळजी या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत.

उषवदाताचें राज्य गेलें, सातवाहन गेले, पेशवे गेले, इंग्रजहि गेले. कार्ल्याच्या भिंतीवर सामि सुताराचें नांव मात्र अजून आहे, कारण त्याच्या मागून आलेल्यांनीं ती भिंत आणि तो डोंगर राहूं दिला. आपल्या मंदिराच्या भिंती उभारणाऱ्या आजोबा-पणजोबांचीं नांवें कदाचित् कोठें कोरलेलीं नसतील. ज्या अंगणांत ते मिस्सेनंतर घटकाभर थांबत, जी सावली त्यांनीं लाविली, जी वाट त्यांनीं पायांनीं मळविली, तीच त्यांचीं नांवें आहेत. तीं पुसूं नयेत, हीच या ज्युबिलीच्या वर्षीं आपणां सर्वांस नम्र विनंति.